वरची बाजू, खालची बाजू

मला लहानपणापासून एक खोड आहे. कुणी एखादा नियम सांगितला, की मी "का?" असं विचारतो. या खोडीपायी मी घरी मार खाल्ला, शाळेत वर्गाबाहेर उभा राहिलो आणि बँकेत आजतागायत क्लार्कच राहिलो. (निदान बढती न मिळण्याचं हेच कारण मी बायकोला सांगत आलो आहे. बढतीच्या परीक्षेला मी दोनदा बसलो होतो ही गोष्ट तिला ठाऊक नाही, असं गृहीत धरून पुढचं लिहितो.)

रात्री नखं का कापायची नाहीत? आजी म्हणायची, लक्ष्मी जाते. वडील म्हणायचे, पूर्वी घरात दिवे नव्हते, नखाबरोबर बोट जायचं. आमच्या घरी दिवे आले, नेलकटर आलं. नियम मात्र होता तिथंच राहिला. लक्ष्मी जायची तर आधी ती यावी लागते, हा मुद्दा मी एकदा आजीपुढं मांडला होता. त्या दिवशीचा मार अजून आठवतो.

पुढं कॉमर्सला गेलो. पहिल्याच आठवड्यात सरांना विचारलं, "सर, डेबिट डावीकडंच का लिहायचं?" सर म्हणाले, "कारण उजवीकडं क्रेडिट असतं." वर्ग हसला, मी बसलो. पुढं कधीतरी वाचलं, की १४९४ साली व्हेनिसमध्ये लुका पाचोली नावाच्या एका ख्रिस्ती साधूनं हिशोबाची ही दुहेरी नोंदीची पद्धत पुस्तकात छापली. पाचशेहून अधिक वर्षं झाली. साधू गेला, व्हेनिसचे व्यापारी गेले, आमच्या बँकेतली जाडजूड लेजरंसुद्धा गेली आणि संगणक आले. डेबिट मात्र डावीकडंच आहे. उजवीकडं लिहिलं तर आकाश कोसळणार नाही, हे मी पैजेवर सांगतो. आमचा मॅनेजर मात्र नक्की कोसळेल.

एवढं सगळं पाल्हाळ लावायचं कारण म्हणजे आमचे वायरलेसकाका.

काकांचं खरं नाव निराळं आहे; पण ते फक्त त्यांच्या वीजबिलावर दिसतं. पूर्वी आम्ही औरंगपुऱ्यात एका वाड्यात शेजारी होतो. पुढं दोघांनीही गारखेड्यात एकाच इमारतीत घरं घेतली. ते वर, मी खाली. तंत्रनिकेतनातल्या प्रयोगशाळेत त्यांची सारी नोकरी झाली, आणि वयाच्या तिशीपासून ते हॅम आहेत. हॅम म्हणजे हौशी रेडिओवाले. सरकारची परीक्षा द्यायची, परवाना काढायचा, 'व्हीयू'नं सुरू होणारं एक आकडी-अक्षरी नाव मिळवायचं आणि मग घरात बसून हवेतून जगाशी गप्पा मारायच्या. हल्ली खिशातल्या फोनवरून अमेरिकेतला नातू चेहऱ्यासकट दिसतो, मग हा खटाटोप कशाला, असं काकांना विचारायची सोय नाही. "मासे बाजारात मिळतात म्हणून कुणी गळ टाकायचं सोडतं का?" असं ते उलट विचारतात. ते स्वतः शाकाहारी आहेत.

गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीपासून समोरच्या कडुनिंबापर्यंत त्यांनी एक तार बांधली आहे. काका तिला अँटेना म्हणतात, इमारतीतल्या बायका तिला दोरी म्हणतात. चाळीस मीटर लांबीच्या लहरींसाठी तिच्या निम्मी, म्हणजे वीस मीटर लांब तार लागते, असा त्यामागचा हिशोब आहे. पण वीस मीटर लांबीची, ऊन लागणारी, रिकामी दोरी पाहून कोणत्या गृहिणीचा हात शिवशिवणार नाही? एकदा आमच्या हिनं तिच्यावर ओली गोधडी वाळत घातली. त्या संध्याकाळी काका खाली येऊन अत्यंत नम्रपणे म्हणाले, "वहिनी, तुमच्या गोधडीमुळं माझा श्रीलंका तुटला."

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी दिवसभर वीज नव्हती. काकांचा संच बॅटरीवर चालतो, तेव्हा वेळ घालवायला म्हणून मी वर गेलो. टेबलावर दोन संच होते, दोन्ही घरी बनवलेले. एक सात मेगाहर्ट्झचा, दुसरा चौदा मेगाहर्ट्झचा. चौदाचा संच हैदराबादच्या अशर फरहान यांच्या 'बिटएक्स' नावाच्या आराखड्यावरून केलेला होता. आपल्याकडं बाजारात जे मिळतं त्यातच बसवायचं, म्हणून फरहान यांनी त्या आराखड्यात तारेची वेटोळी गुंडाळायला चक्क नळाचे वायसर वापरले होते. ते वायसर पैठण गेटहून मीच आणून दिले होते. माझ्या समजुतीप्रमाणं काकांचा नळ गळत होता. संचाची ताकद सहा वॅट. म्हणजे आमच्या घरातल्या झिरोच्या दिव्याहूनही कमी. तेवढ्यावर हा माणूस समुद्रापार बोलत होता, आणि मी गच्चीतून ओरडलो तर खालचा वॉचमन ऐकत नाही.

काकांनी मला सातच्या संचापुढं बसवलं. मी डायल फिरवला. आतून कुणीतरी पोहता पोहता मराठी बोलावं तसा आवाज आला. काकांनी एक बटण दाबलं आणि तोच आवाज स्वच्छ माणसाचा झाला. कोल्हापूरकडचे कुणी गृहस्थ पावसाबद्दल तक्रार करत होते.

"मघाशी वरच्या बाजूला होतास," काका म्हणाले. "सातवर खालची बाजू लावायची."

"का?" मी विचारलं. खोड.

काकांचे डोळे चमकले. हा प्रश्न विचारणारा माणूस त्यांना बऱ्याच दिवसांत भेटला नसावा.

"आधी बाजू म्हणजे काय ते समजून घे," ते म्हणाले. "तुझ्या भाषेत सांगतो. आकाशवाणीची मीडियम वेव्ह ऐकतोस ना? तिथं मध्ये एक साहेब बसलेला असतो. त्याला आम्ही कॅरियर म्हणतो. त्याच्या वरच्या बाजूला एक क्लार्क, खालच्या बाजूला एक क्लार्क. हे दोन साइडबँड. दोन्ही क्लार्क एकच पत्र लिहितात, अक्षरन् अक्षर तेच. साहेब काहीच लिहीत नाही. पण पूर्ण जोरात काम चालू असलं, तरी तिजोरीतल्या तीन रुपयांतले दोन रुपये एकटा साहेब खातो. उरलेला एक रुपया दोन क्लार्क आठ-आठ आणे वाटून घेतात."

शास्त्र माझ्या डोक्यात इतकं खोलवर कधीच शिरलं नव्हतं. मला भरून आलं. "काका, हे आमच्या युनियनच्या सभेत सांगाल का?"

"ऐक पुढं. १९१५ साली अमेरिकेतल्या टेलिफोन कंपनीत जॉन कार्सन नावाचा इंजिनियर होता. त्याच्या ध्यानात आलं, की साहेबाला घरी पाठवलं, एका क्लार्कलाही घरी पाठवलं, तरी पत्र जसंच्या तसं पोचतं. जागाही निम्मी लागते. यालाच म्हणतात सिंगल साइडबँड. १९२७ च्या जानेवारीत न्यूयॉर्क ते लंडन फोन सुरू झाला तो याच युक्तीवर. तीन मिनिटांना पंच्याहत्तर डॉलर."

एवढे पैसे मोजून "कसे आहात?" असं विचारल्यावर उत्तर ऐकत बसायची कुणाची छाती झाली असेल, असा एक विचार माझ्या मनात येऊन गेला.

"पण यात एक मेख आहे," काका म्हणाले. "पाठवणाऱ्यानं साहेबाला घरी बसवलेलं असतं, म्हणून ऐकणाऱ्याला आपल्या संचात घरचा साहेब उभा करावा लागतो. आणि क्लार्क त्याच्या कोणत्या बाजूला बसलाय ते आधी ठाऊक असावं लागतं. चुकीची बाजू धरलीस तर आवाज उलटतो. खर्जातलं वर जातं, वरचं खर्जात येतं. माणूस बोलतोय एवढं कळतं, काय बोलतोय ते कळत नाही."

"हे आमच्याकडं काउंटरवर रोज होतं," मी म्हणालो. आणि खरंच होतं. गिऱ्हाइकाची जमा ती आमची देणी. तो आपल्या बाजूनं बोलतो, मी माझ्या बाजूनं ऐकतो, आणि मागची रांग दारापर्यंत जाते.

"म्हणून हॅम लोकांनी नियम ठरवून टाकला. दहा मेगाहर्ट्झच्या खाली खालची बाजू, दहाच्या वर वरची बाजू. साऱ्या जगात तोच."

"आणि बरोबर दहावर?"

"तिथं आम्ही सहसा तोंडानं बोलतच नाही. मोर्सची कडकट्ट नाहीतर संगणकाच्या खुणा."

सीमारेषेवर तोंडच उघडायचं नाही, ही कल्पना मला फार शहाणपणाची वाटली. संयुक्त कुटुंबांनी तिचा अभ्यास करावा. पण खोड स्वस्थ बसू देईना. "विमानं, जहाजं, लष्कर, तेही असंच करतात?"

"छे! ते कुठंही असोत, कायम वरची बाजू. हे वर-खाली फक्त आमच्यात."

"मग तुमच्यातच का?"

काका खुर्चीत मागं रेलले. कीर्तनात बुवा आख्यान लावायच्या आधी जसे उपरणं सावरतात, तसा त्यांनी चष्मा सावरला.

"त्याचं असं झालं. १९५० चं दशक. महायुद्धात वापरलेले वायरलेस संच अमेरिकेत भंगाराच्या भावानं मिळायचे. त्यातल्या एकाचा डायल पाच मेगाहर्ट्झच्या आसपास फिरायचा. हॅम लोकांनी काय केलं, आवाजाची एक बाजू तयार केली नऊ मेगाहर्ट्झवर, आणि तिला जोडला हा पाचचा डायल. नवात पाच मिळव, किती?"

"चौदा."

"नवातून पाच वजा कर."

"चार."

"झालं! एकाच संचात चौदाचा वरचा बँड आणि चारचा खालचा बँड. आता गंमत बघ. बेरजेत वरची बाजू वरच राहते. वजाबाकी केली की उलटते, वरची खाली येते. म्हणून वरच्या बँडला वरची, खालच्या बँडला खालची. कुणी ठरवलं नाही, कुणी ठराव पास केला नाही. गणितानंच नियम घालून दिला!"

मी थक्क झालो. आयुष्यात प्रथमच माझ्या "का?"ला उत्तर मिळालं होतं, आणि तेही आकड्यांनिशी. लक्ष्मी नाही, आजी नाही. नऊ, पाच, चौदा आणि चार. मी तरंगतच जिना उतरलो.

माणसानं एवढ्यावर झोपावं की नाही? पण वीस वर्षं बँकेत घालवलेल्या माणसाला आकडा डोक्यात घेऊन झोपता येत नाही. तो आधी टॅली व्हावा लागतो. एकदा दिवसअखेरीस साडेतीन रुपयांचा फरक आला म्हणून आम्ही सहा जण रात्री अकरापर्यंत थांबलो होतो. वैतागून मॅनेजर स्वतःच्या खिशातून साडेतीन रुपये टाकायला निघाले, तर हेडकॅशियरनं त्यांचा हात धरला. टॅली म्हणजे टॅली.

रात्री दीडच्या सुमारास मी उठलो आणि मुलाच्या रफ वहीवर हिशोब मांडला. माझ्या खात्यात नऊ रुपये आहेत. पाच काढले. उरले चार. ठीक. आता आवाजाची वरची बाजू म्हणजे नवाच्या वर थोडं जास्त. म्हणजे खात्यात सव्वानऊ आहेत. पाच काढले. उरले किती? सव्वाचार. जास्तीचा पाव जास्तच राहिला. वरचा वरच राहिला. उलटलं काय, डोंबल?

पुन्हा मांडला. पुन्हा सव्वाचार.

मग उलटेल कधी? जास्तीचा पाव शिल्लकीत नसून काढलेल्या रकमेत असला तर. नवातून सव्वापाच काढले, की उरतात पावणेचार. हां! इथं वरचा खाली आला. म्हणजे आवाज पाचवर हवा आणि डायल नवावर. काकांच्या गोष्टीत नेमकं उलट होतं. आवाज नवावर, डायल पाचवर. त्या गोष्टीत काहीच उलटत नव्हतं. हॅम मंडळी एकमेकांना सांगत आलेल्या गोष्टीत इकडची नोंद तिकडं पडली होती, आणि ती गारखेड्यातल्या एका बी.कॉम. पास क्लार्कानं पकडली होती!

मी बायकोला उठवलं. ती म्हणाली, "चोर आहे का?" नाही म्हटल्यावर पुन्हा झोपली.

सकाळी दुधाच्या पिशव्या घ्यायला काका खाली आले. त्यांच्याबरोबर हॅमच्या परीक्षेची तयारी करणारा एक इंजिनियरिंगचा पोरगा होता. वॉचमन होता, पहिल्या मजल्यावरचे जोशी होते. शहाण्या माणसानं काकांना बाजूला घेतलं असतं. मी वही उघडली आणि सगळ्यांच्या देखत सव्वाचार आणि पावणेचार करून दाखवलं. शेवटी "काका, तुमच्या गोष्टीत पोस्टिंग मिस्टेक आहे," असंही म्हणालो. पोरगा हसला. जोशींना काहीच कळलं नव्हतं, पण तेही हसले.

काकांनी वहीचं ते पान मागून घेतलं, घडी करून खिशात घातलं आणि एक शब्द न बोलता जिना चढले. दुधाची पिशवी वॉचमनच्या खुर्चीवर विसरली.

त्या दिवशी वरून आवाज आला नाही. रोज संध्याकाळी आमच्या छतातून "सीक्यू, सीक्यू" अशी हाक झिरपते. म्हणजे 'कुणी आहे का?' ती आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी ही म्हणाली, "वरचे बरे आहेत ना?" चौथ्या दिवशी मी जिन्यात मुद्दाम खोकलो, काका वरून खाली न येता आत गेले. गोधडी वाळत घालून ज्या माणसाचा श्रीलंका तुटल्यावरही जो हसला होता, त्याचं मी काय तोडलं होतं कुणास ठाऊक.

आई हे सगळं पाहत होती. चौथ्या रात्री जेवण झाल्यावर तिनं विचारलं, "काय म्हणालास तू त्यांना?"

मी सांगितलं. नऊ, पाच, चार सगळं सांगितलं. तिनं ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरोबर होतं का तुझं?"

"हो."

"मग झालं तर," ती म्हणाली, आणि उठून देवघरात गेली. पोथीच्या पानांतून तिनं एक कागद काढला आणि माझ्यापुढं ठेवला. वहीचं अर्धं फाडलेलं पान, पिवळं पडलेलं. त्यावर पेन्सिलीनं लिहिलं होतं, "अण्णा सुखरूप. मंडळी सुखरूप. घर पडले. शाळेच्या मैदानात आहेत. काळजी नको."

मी तो कागद ओळखला.

३० सप्टेंबर १९९३. मी सहावीत होतो. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालं होतं, लेझीम खेळून पाय दुखत होते आणि मी मेल्यासारखा झोपलो होतो. पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना किल्लारीचा भूकंप झाला. सकाळी रेडिओवर बातमी आली, तेव्हा आई भाकरी थापत होती. तिचा भाऊ, आमचा अण्णामामा, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात उमरगा तालुक्यातल्या एका खेड्यात शिक्षक होता. वडील फोन लावायला गेले ते दुपारी रिकामेच परत आले. आईनं तव्यावरची भाकरी उतरवलीच नाही. ती जळून कोळसा झाली तरी कुणी काही बोललं नाही. मला अजून भूकंप म्हटलं, की जळलेल्या भाकरीचा वास येतो.

त्या भूकंपात हॅम मंडळींनी निरोप पोचवण्याचं काम केलं. एरवी तिऱ्हाइताचे निरोप न्यायची त्यांना मुभा नसते, आपत्तीत असते. आमच्या वाड्यात काका दोन दिवस कानाला हेडफोन लावून बसले होते. आंघोळ नाही, कचेरी नाही. काकू ताट ठेवायच्या आणि उचलायच्या. सात मेगाहर्ट्झच्या लहरी दिवसा जवळजवळ सरळ वर जातात आणि आकाशाला आपटून खाली येतात. शे-दोनशे मैलांवर बोलायला त्या अगदी सोयीच्या, असं काकांनी मला पुढं कधीतरी सांगितलं होतं. त्या दिवशी ते काहीच सांगत नव्हते. नुसते लिहीत होते. नाव, गाव, आहे, नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या दारात आले, हा कागद आईच्या हातात दिला आणि लगेच सायकलवर टांग मारून निघून गेले. त्यांच्या खिशात तसे आणखी कागद होते. ते सगळेच "सुखरूप"चे नव्हते, हे मला त्यांच्या चालण्यावरून त्याही वयात समजलं होतं.

आईनं कागद पुन्हा घडी केला. मला वाटलं, ती आता चार शब्द सुनावील. ती एवढंच म्हणाली, "जाताना त्यांना लिंबाचं लोणचं घेऊन जा. बरणी आणायला विसरू नकोस."

मी कागद मागून घेतला, लोणच्याची बरणी उचलली आणि वर गेलो.

काकांनी दार उघडलं. टेबलावर संचाच्या जागी फुलस्केप कागदांचा ढीग होता, आणि सगळ्यात वर माझ्या मुलाच्या वहीचं ते पान.

"काका, मी परवा जरा..." मी सुरुवात केली.

"बस," ते म्हणाले. "तुझं बरोबर आहे."

"तसं नाही हो, मी सगळ्यांसमोर..."

"बस म्हटलं ना. चार दिवस झाले, पंधरा पानं झाली. आठ प्रकारे मांडून पाहिलं. सव्वाचारच येतात." ते माझ्याकडं असे पाहत होते, की त्यात राग शोधूनही सापडेना. "चाळीस वर्षं हे मी पोरांना शिकवायलोय. एकानंही वजाबाकी करून बघितली नाही. मी पण नाही. माझ्या गुरूनं सांगितलं, मी ऐकलं. मी सांगितलं, पोरांनी ऐकलं. सगळे पास झाले!"

म्हणजे हा माणूस चार दिवस रुसला नव्हता. तो टॅली करत बसला होता. मला एकदम आमचे हेडकॅशियर आठवले.

"पण तू म्हणतोस तसं, आवाज पाचवर आणि डायल नवावर ठेवला तर आपोआप जमतं," काका पुढं म्हणाले. "आणि हे बघ." त्यांनी एक जुनं इंग्रजी मासिक पुढं सरकवलं. "१९६० च्या दशकात अमेरिकेत हीथकिट म्हणून कंपनी सुटे भाग विकायची, घरी आणून जोडायचे. त्यांचे एकेका बँडचे स्वस्त संच निघाले. ऐंशी आणि चाळीस मीटरच्या संचावर फक्त खालची बाजू, वीस मीटरच्या संचावर फक्त वरची. बाजू बदलायचं बटणच नाही! असे संच घरोघरी गेल्यावर कोण वाद घालणार? नियम पक्का. हल्लीच्या संचांत दोन्ही बाजू मिळतात, पण तुम्ही बँड बदलला की संच स्वतःच बाजू बदलतो. तोही 'का?' विचारत नाही. तूच एकटा."

मी खिशातून तो कागद काढून त्यांच्यापुढं ठेवला. काकांनी चष्मा कपाळावर सरकवून तो वाचला. बराच वेळ वाचला. अकरा शब्दच होते.

"तारीख टाकायची राहिली बघ," ते म्हणाले. "लॉगबुकात असेल."

"काका, माझा नसता शहाणपणा झाला."

"शहाणपणा खराच आहे, त्यात नसता कशाला?" त्यांनी कागद परत दिला. "आता एक सांग. त्या दिवशी आम्ही सगळे सातवर होतो, खालच्या बाजूला. तिकडून बोलणारा पोरगा खालच्या बाजूला, हैदराबादवाला खालच्या बाजूला, मी खालच्या बाजूला. का खालच्या, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं ते चूक होतं. पण तुझ्या मामाचं नाव ऐकताना मला कुणाला 'भाऊ, तू कोणत्या बाजूला आहेस?' असं विचारावं लागलं नाही. विचारत बसलो असतो तर एखादं नाव राहिलं असतं."

यावर माझ्याकडं "का?" नव्हतं. बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच.

मी बरणी रिकामी करून घेतली आणि निघालो. जिन्याच्या वळणावर आलो, तोच वरून आवाज आला, "सीक्यू, सीक्यू, सीक्यू..." चार दिवसांचा तुंबलेला. गच्चीत आमची हिची साडी तारेवर होती. मी धावत वर जाऊन ती काढली.

यानंतर काकांनी शिकवण्याची पद्धत थोडी बदलली आहे. नऊ आणि पाचची गोष्ट ते परीक्षेला बसणाऱ्या पोरांना अजूनही सांगतात, त्याच थाटात, चष्मा सावरून. शेवटी फक्त एक वाक्य जास्त असतं, "आता यातली चूक काढून दाखव." मागच्या आठवड्यात मी विचारलं, कुणी काढली का?

"अजून तरी नाही," काका म्हणाले. "काय करणार? सगळे सायन्सचे आहेत."